एक ऑगस्टची गाणी

दोस्तांनो, एक ऑगस्ट म्हटलं की तुम्हांला पहिल्यांदा काय आठवतं?

"भाषण!" असंच म्हणणार ना? शाळेच्या पटांगणात ओळीने बसलेली मुलं, टेबलावर दोन तसबिरी, ताजे हार, उदबत्तीचा वास. एक तसबीर लोकमान्य टिळकांची, कारण १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. दुसरी अण्णा भाऊ साठे यांची, कारण त्याच तारखेला, त्याच साली त्यांचा जन्म झाला. मग कुणीतरी छातीठोकपणे "अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो" अशी सुरुवात करतं, शेंगा आणि टरफलांची गोष्ट येते आणि मागच्या रांगेत हळूहळू चुळबुळ सुरू होते!

आज भाषण नको. आज आपण गाणी ऐकायला जाऊ या. एकाच तारखेची गाणी, पण ठिकाणं मात्र वेगवेगळी. आधी मुंबईच्या गिरणगावात, मग थेट न्यूयॉर्कला, मग परत दादरच्या चाळीत आणि शेवटी अमेरिकेतल्या एका टीव्हीच्या पडद्यावर. तिकीट लागणार नाही. फक्त कान उघडे ठेवायचे.

आणि हो, वाटेत एक प्रश्न डोक्यात ठेवा. गाणं नुसतं करमणुकीसाठी असतं, की त्याने आणखीही काही होतं? उत्तर लगेच देऊ नका. शेवटी बघू.

वाटेगावचा शाहीर

सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यात वाटेगाव आहे. तिथे एका गरीब मातंग कुटुंबात १ ऑगस्ट १९२० रोजी एक मुलगा जन्मला. नाव ठेवलं तुकाराम. तुकाराम भाऊराव साठे. पुढे सगळा महाराष्ट्र त्यांना अण्णा भाऊ म्हणू लागला.

या मुलाची शाळा किती झाली, माहीत आहे? जेमतेम दीड दिवस, असं सांगतात! तुम्ही म्हणाल, काय मजा! पण त्यात मजा नव्हती. गरिबी होती, जातिभेदाचे चटके होते. पोटासाठी साठ्यांचं कुटुंब गाव सोडून मुंबईला निघालं, तेही पायी. वाटेगाव ते मुंबई हे अंतर तीनशे किलोमीटरहून जास्त आहे. वाटेत मिळेल ते काम करायचं, मिळेल ते खायचं आणि पुढे चालायचं.

मुंबईत आल्यावर या मुलाने हमाली केली, गिरणीत काम केलं, पडेल ते काम केलं. दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं वाचत वाचत त्यांनी अक्षरओळख पक्की केली, असं त्यांच्याबद्दल सांगतात. पुढे याच माणसाने 'फकिरा'सारखी कादंबरी लिहिली. आपण मात्र आज त्यांच्या डफाकडे वळू या.

१९४४ साली तिघा शाहिरांनी मिळून 'लाल बावटा कलापथक' सुरू केलं. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर. अण्णा भाऊंची धारदार लेखणी, अमर शेखांचा पहाडी आवाज आणि गव्हाणकरांची जोड. गिरणगावात एखाद्या मोकळ्या मैदानात डफावर थाप पडायची, तुणतुणं वाजायचं, मागे झीलकरी 'जी जी रं जी' म्हणत उभे राहायचे. गिरणीतून सुटलेले कामगार अंगावर कापसाचे तंतू तसेच घेऊन ऐकायला थांबायचे.

तुम्हांला वाटेल, एवढं काय होतं त्या पोवाड्यात? अहो, त्या काळी कितीतरी कामगारांना लिहिता-वाचता येत नव्हतं. वर्तमानपत्र हातात आलं तरी ती अक्षरं मुकीच. शाहीर म्हणजे त्यांचं चालतं-बोलतं वर्तमानपत्रच होतं! जगात काय चाललं आहे, कुठे लढाई पेटली, कुठे दुष्काळ पडला, हे सगळं चालीवर, तालावर त्यांच्यापर्यंत यायचं.

आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण ती पुढे आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

१९४३ साली बंगालमध्ये भयंकर दुष्काळ पडला. दुसरं महायुद्ध चालू होतं. ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ बंद झाला. युद्धासाठी धान्य वळवलं गेलं, साठेबाजांनी कोठारं भरून ठेवली, भाव गगनाला भिडले आणि इंग्रज सरकारने वेळेवर मदत केली नाही. शेतमजूर, कोळी, छोटे कारागीर यांच्या हातात तांदूळ घेण्याएवढे पैसेच उरले नाहीत. उपासमारीने आणि त्यामागून आलेल्या रोगराईने सुमारे तीस लाख माणसं मेली, असा अंदाज आहे.

मुंबईतल्या गिरणी कामगाराने बंगाल कधी पाहिलेला नव्हता. त्याची भाषा वेगळी, जेवण वेगळं. पण अण्णा भाऊंनी त्या दुष्काळावर पोवाडा रचला. नाव होतं 'बंगालची हाक'. सांगली-साताऱ्याकडून आलेल्या मराठी कामगारापर्यंत दोन हजार किलोमीटरवरच्या उपाशी माणसाची हाक पोचवायची, हे त्या पोवाड्याचं काम. आणि उपाशीपोटी झोपणं म्हणजे काय, हे ऐकणाऱ्याला वेगळं समजावून सांगायची गरजच नव्हती.

अशी गाणी सगळ्यांनाच आवडतात असं नाही, बरं का! ज्यांच्यावर टीका होते, त्यांना ती टोचतात. टिळकांच्या काळी गणेशोत्सवातले मेळे देशभक्तीची पदं गायचे, तेव्हा इंग्रज सरकारने त्या मेळ्यांवर निर्बंध घातले होते. स्वातंत्र्यानंतर लाल बावटा कलापथकाच्या तमाशांवरही सरकारी बंदीचा बडगा आला. पण गाणं डब्यात बंद करून ठेवता येतं का? संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत अण्णा भाऊंची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड गावोगाव पोचली. वरवर पाहिलं तर ती मुंबईला आलेल्या एका कामगाराची आणि गावी राहिलेल्या त्याच्या मैनेची ताटातूट. पण ऐकणारे काय समजायचे ते समजायचे. मराठी मुलखाचीही अशीच ताटातूट झाली होती!

१८ जुलै १९६९ रोजी अण्णा भाऊ गेले. अवघे ४८ वर्षांचे होते. आयुष्यभर गरिबीने त्यांची पाठ सोडली नाही. २००२ साली १ ऑगस्टलाच भारतीय टपाल खात्याने त्यांच्या चित्राचं तिकीट काढलं. दीड दिवस शाळेत गेलेल्या मुलाचं चित्र देशभरच्या पत्रांवरून फिरू लागलं.

सतार लावली आणि टाळ्या पडल्या!

अण्णा भाऊ गेले त्यानंतर दोन वर्षांनी पुन्हा एक ऑगस्ट उजाडला. साल १९७१, वार रविवार. आता आपण न्यूयॉर्कला आलो आहोत. समोर आहे मॅडिसन स्क्वेअर गार्डन. नाव 'गार्डन', पण आत एकही झाड नाही. ते भलंमोठं बंदिस्त क्रीडागृह आहे, हजारो माणसं मावतील एवढं.

इथे आज कशासाठी गर्दी झाली आहे? पुन्हा बंगालसाठीच!

१९७० च्या नोव्हेंबरमध्ये तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्यावर प्रचंड चक्रीवादळ आदळलं. किमान तीन लाख माणसं त्यात मरण पावली. त्यातून सावरताहेत तोच २५ मार्च १९७१ च्या रात्री पाकिस्तानी लष्कराने तिथल्या लोकांवर हल्ला चढवला. माणसं जीव मुठीत धरून पळाली. त्या वर्षभरात सुमारे एक कोटी निर्वासित सीमा ओलांडून भारतात आले. एक कोटी! त्या वेळच्या मुंबईची लोकसंख्या साठ लाखांच्या आसपास होती, यावरून कल्पना करा. तंबू अपुरे, औषधं अपुरी, त्यात पावसाळा आणि पटकीची साथ.

पंडित रविशंकर तेव्हा अमेरिकेत होते. ते जन्मले काशीला, पण घराणं बंगाली, मूळचं त्याच पूर्व बंगालातलं. गंमत म्हणजे तेही १९२० सालचेच, अण्णा भाऊंच्याच वयाचे. आणि चाळीसच्या दशकात ते मुंबईतच होते! 'धरती के लाल' हा १९४६ चा चित्रपट त्याच १९४३ च्या बंगालच्या दुष्काळावर होता आणि त्याचं संगीत रविशंकर यांचं होतं. म्हणजे बघा, एकाच शहरात एक शाहीर डफावर आणि एक सतारिया सिनेमासाठी, दोघेही एकाच भुकेची गोष्ट सांगत होते.

पंचवीस वर्षांनी तीच माती पुन्हा रडत होती. रविशंकरांना वाटलं, आपण एक कार्यक्रम करावा आणि २५ हजार डॉलर जमवून पाठवावेत. त्यांनी ही गोष्ट आपल्या शिष्याला सांगितली. शिष्य कोण? जॉर्ज हॅरिसन!

तुमच्यापैकी ज्यांना हे नाव नवीन आहे त्यांच्यासाठी सांगतो. इंग्लंडच्या लिव्हरपूल शहरातल्या चार तरुणांचा 'बीटल्स' हा गट साठच्या दशकात जगभर गाजला. त्यांना बघायला मुली किंचाळायच्या, बेशुद्ध पडायच्या! जॉर्ज त्या चौघांतला सगळ्यांत लहान. त्याला सतारीचं वेड लागलं. १९६६ साली तो सतार शिकायला मुंबईत आला होता. १९६८ च्या जानेवारीत तर त्याने मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत भारतीय वादकांना घेऊन ध्वनिमुद्रणही केलं होतं.

गुरूची तळमळ ऐकून शिष्य म्हणाला, करू या. पण लहान नको, मोठा कार्यक्रम करू. मग पाच-सहा आठवडे जॉर्ज टेलिफोनला चिकटून बसला. मित्रांना फोन, त्यांच्या मित्रांना फोन. बीटल्सचा ढोलवादक रिंगो स्टार आला. एरिक क्लॅप्टन, लिऑन रसेल, बिली प्रेस्टन आले. बॉब डिलन येणार की नाही, याची मात्र शेवटपर्यंत खात्री नव्हती. कार्यक्रमाची गाण्यांची यादी जॉर्जने आपल्या गिटारला चिकटवली होती. त्यात 'बॉब' या नावापुढे चक्क प्रश्नचिन्ह होतं! बॉब आला, आणि प्रेक्षकांनी छत डोक्यावर घेतलं.

पण सुरुवात झाली ती आपल्या संगीताने. सतारीवर रविशंकर, सरोदवर अली अकबर खाँ, तबल्यावर अल्लारखाँ आणि तंबोऱ्यावर कमला चक्रवर्ती. अली अकबर खाँ यांचा जन्म तर त्याच पूर्व बंगालातला. आणि अल्लारखाँ म्हणजे आपल्या मुंबईचे, उस्ताद झाकीर हुसेन यांचे वडील.

वादक बसले. सतार लावू लागले, तबला ठोकून बघू लागले. तुमच्यापैकी जे गाणं किंवा तबला शिकतात त्यांना ठाऊक आहे, मैफिलीआधी वाद्यं स्वरात जुळवून घ्यावी लागतात. ते झालं आणि अख्ख्या सभागृहात टाळ्यांचा कडकडाट! लोकांना वाटलं, पहिली चीज संपली. रविशंकर हसले आणि त्यांनी आभार मानले. वाद्यं जुळवणं एवढं आवडलं असेल तर वादन त्याहून जास्त आवडेल अशी आशा आहे, असं ते म्हणाले. प्रेक्षकांत हशा पिकला, आणि मग खरं वादन सुरू झालं.

हसू नका हं त्या प्रेक्षकांना. आपणही पहिल्यांदा काही नवीन ऐकतो तेव्हा असंच होतं. ते न कळताही मन लावून ऐकत होते, हे महत्त्वाचं.

त्या दिवशी दोन कार्यक्रम झाले, एक दुपारी आणि एक रात्री. मिळून सुमारे ४० हजार लोकांनी ते ऐकले. आता गणित करा. रविशंकरांना हवे होते २५ हजार डॉलर. तिकिटांतून जमले २ लाख ४३ हजारांहून जास्त! म्हणजे किती पट? जवळजवळ दहापट. हे पैसे संयुक्त राष्ट्रांच्या युनिसेफ या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेला देण्यात आले. शिवाय कार्यक्रमाच्या तीन ध्वनिमुद्रिकांचा संच निघाला, त्याला मानाचं ग्रॅमी पारितोषिक मिळालं. पुढे चित्रपटही निघाला.

आणि दुसरी कमाई? ती पैशांत मोजता येत नाही. तोवर अमेरिकेतल्या कितीतरी तरुणांनी 'बांगलादेश' हे नावही ऐकलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते त्यांच्या तोंडी होतं.

आता या गोष्टीचा कडू भागही सांगायला हवा. घाईघाईत एक काम राहून गेलं होतं. कार्यक्रम मदतनिधीसाठी आहे, अशी कागदोपत्री नोंद आधी करून ठेवलेली नव्हती. त्यामुळे ध्वनिमुद्रिका आणि चित्रपट यांच्या पैशांवर अमेरिकेच्या कर खात्याने बोट ठेवलं, आणि मोठी रक्कम कित्येक वर्षं अडकून पडली. १९८५ पर्यंत सुमारे १ कोटी २० लाख डॉलर बांगलादेशासाठी पोचले खरे, पण ज्या बाळाला १९७१ साली दूध हवं होतं, ते तोवर चौदा वर्षांचं झालेलं असणार. झालं असेल तर.

म्हणून दोस्तांनो, शाळेत तुम्ही पूरग्रस्तांसाठी किंवा दुष्काळासाठी डबा फिरवता ना? मन मोठं हवंच, पण वहीत हिशेबही हवा. पावती हवी. पैसे कुणाला, कधी, कसे देणार हे आधी ठरलेलं हवं. जॉर्ज हॅरिसनचा हा धडा पुढच्या सगळ्यांनी गिरवला. १९८५ साली इथिओपियाच्या दुष्काळासाठी 'लाइव्ह एड' हा प्रचंड कार्यक्रम झाला, त्याची वाट या एक ऑगस्टनेच दाखवली होती.

आणि हे काही फक्त तिकडच्या श्रीमंतांनीच केलं असं समजू नका. आजी-आजोबांना विचारून बघा. नोव्हेंबर १९७१ पासून आपल्याकडे प्रत्येक पत्रावर पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागे, निर्वासितांच्या मदतीसाठी. कुणाच्या जुन्या तिकिटांच्या वहीत ते अजून सापडेल. खुशालीचं पत्र पाठवणारा प्रत्येक जण त्या मदतीत पाच पैशांचा वाटेकरी होता.

गाणं दिसतं तेव्हा

न्यूयॉर्कहून परत येऊ या. या वेळी आपल्याला पंधरा मिनिटं दादरच्या एका चाळीत थांबायचं आहे. कारण १ ऑगस्टला आणखी एका अवलियाचा जन्म झाला होता, १९१३ साली. भगवान आबाजी पालव. म्हणजे आपले भगवानदादा!

तेही गिरणी कामगाराचेच चिरंजीव. सिनेमाचं वेड डोक्यात. १९५१ साली त्यांनी 'अलबेला' काढला. नायक तेच, दिग्दर्शक तेच. नायिका गीता बाली आणि संगीत सी. रामचंद्र यांचं, म्हणजे आपल्या रामचंद्र चितळकरांचं. त्यातली गाणी देशभर वाजली. पण गंमत गाण्यांइतकीच नाचात होती. भगवानदादा काही देखणे, सडपातळ नायक नव्हते. गुबगुबीत अंग, खांदे हलवत, हात झुलवत, पाय जरासे सरकवत टाकलेली पावलं. नाच न शिकलेल्यालाही जमेल असा नाच! म्हणूनच तो लोकांच्या अंगात भिनला. आजही वरातीत आणि मिरवणुकीत एखादे काका खांदे उडवत नाचू लागले की समजावं, यांच्या अंगात थोडे भगवानदादा आले आहेत.

नंतरचे चित्रपट आपटले. बंगला गेला, गाड्या गेल्या. दादा पुन्हा दादरच्या चाळीत राहायला आले. छोट्या छोट्या भूमिका करत राहिले आणि २००२ साली तिथेच गेले. लोक मात्र त्यांचा नाच विसरले नाहीत.

भगवानदादांना मध्येच का आणलं? कारण पुढची गोष्ट गाणं 'बघण्याची' आहे.

१ ऑगस्ट १९८१. रात्रीचे बारा वाजून एक मिनिट झालं आहे. अमेरिकेत केबलवर एक नवी वाहिनी सुरू होते. पडद्यावर अवकाशयान झेपावतं, चंद्रावर माणूस उतरतो, आणि मग गाणी सुरू. चोवीस तास नुसती गाणी! वाहिनीचं नाव एमटीव्ही. तिने दाखवलेलं पहिलंच गाणं होतं बगल्स या गटाचं 'व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार'. व्हिडिओने रेडिओच्या ताऱ्याचा बळी घेतला, असा त्या नावाचा अर्थ. निवड किती खोचक, नाही?

पहिल्या रात्रीची फजिती तर ऐका. ही वाहिनी न्यूयॉर्कमधल्या लोकांनी काढली, पण तेव्हा मॅनहॅटनमध्ये ती दिसतच नव्हती! मग सगळी मंडळी नदीपलीकडे न्यू जर्सीतल्या एका रेस्टॉरंटच्या तळघरात जमली आणि तिथे आपलीच वाहिनी बघितली.

गाणं डोळ्यांनी बघायचं, हे अमेरिकेला मोठं नवल वाटलं. आपल्याला? आपण तर 'अलबेला'पासून, त्याच्याही आधीपासून, पडद्यावर गाणी बघत होतो! मुंबई दूरदर्शनवरचं 'छायागीत' बघायला चाळीतली सगळी मुलं ज्या एका घरी टीव्ही आहे तिथे सतरंजीवर गोळा व्हायची. आईला, बाबांना विचारा. मात्र तो मेवा आठवड्यातून एकदाच, तोही थोडा वेळ. चोवीस तास गाण्यांची वाहिनी भारतात उपग्रहावरून दिसू लागली ती १९९१ मध्ये.

आता मुद्द्याची गोष्ट. चोवीस तासांचं दार उघडलं, पण ते सगळ्यांसाठी उघडलं का?

नाही. पहिली दीड-दोन वर्षं एमटीव्हीवर कृष्णवर्णीय गायकांची गाणी फारच क्वचित दिसायची. वाहिनीवाले म्हणायचे, आम्ही फक्त रॉक संगीत दाखवतो. पण रॉक संगीत ज्या मातीतून उगवलं ती मातीच मुळी कृष्णवर्णीयांच्या गाण्याची होती! रिक जेम्स या गायकाने जाहीर तक्रार केली. १९८३ साली डेव्हिड बोवी हा गोरा, गाजलेला ब्रिटिश गायक एमटीव्हीवर मुलाखत द्यायला आला. त्याने उलट मुलाखतकारालाच विचारलं की तुमच्या वाहिनीवर इतके कमी कृष्णवर्णीय कलाकार का दिसतात? स्वतःचं गाणं तर दिसतच होतं ना, मग कशाला बोलायचं, असा विचार त्याने केला नाही.

त्याच वर्षी मार्च महिन्यात एका पंचवीशीतल्याही नसलेल्या तरुणाचं गाणं एमटीव्हीवर आलं. तो जिथे पाऊल ठेवी ती फरशी उजळून निघे. पोलादाच्या कारखान्यात क्रेन चालवणाऱ्या एका कामगाराचा तो मुलगा. मायकेल जॅक्सन! गाणं होतं 'बिली जीन'. लोक वेडे झाले, पुन्हा पुन्हा तेच गाणं मागू लागले. बंद दाराला असा काही धक्का बसला की ते पुन्हा पहिल्यासारखं मिटलं नाही. मायकेलच्या मागून इतरांनाही वाट मिळाली. पुढे हाच मायकेल मुंबईत अंधेरीच्या क्रीडा संकुलात गाऊन-नाचून गेला. तारीख होती १ नोव्हेंबर १९९६. म्हणजे तीही एक तारीखच, फक्त महिना चुकला!

तारखेत जादू असते का?

आता तुमच्यातला एखादा हुशार मुलगा किंवा मुलगी विचारेल, "एक ऑगस्टला एवढं सगळं झालं, म्हणजे या तारखेत काही जादू आहे का?"

मुळीच नाही. वर्षाचे ३६५ दिवस आहेत आणि जगात माणसं पुष्कळ आहेत. कोणतीही तारीख उचला, शोधत गेलात तर काही ना काही सापडतंच. मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जमलेल्या लोकांना वाटेगावचे अण्णा भाऊ ठाऊक नव्हते. एमटीव्हीवाल्यांना भगवानदादा ठाऊक नव्हते. तारीख म्हणजे नुसती भिंतीवरची खुंटी. तिच्यावर टांगलेल्या गोष्टी शेजारी शेजारी आल्या म्हणून आपल्याला त्या एकत्र बघता आल्या, एवढंच.

पण एकत्र बघितल्यावर काय दिसलं?

गिरणगावातल्या कामगाराला बंगालची भूक ऐकू आली, ती डफामुळे. न्यूयॉर्कच्या तरुणाला निर्वासितांची छावणी ऐकू आली, ती सतारीमुळे आणि गिटारमुळे. ज्याचं तोंडही कधी बघितलं नाही, अशा माणसाबद्दल गाण्यामुळे घशात आवंढा येतो. साधनं बदलत गेली. डफ आला, ध्वनिमुद्रिका आली, टीव्ही आला, आता तुमच्या हातात मोबाइल आहे. पण प्रत्येक वेळी एक प्रश्न उरतोच. हे साधन कुणाच्या हातात आहे, आणि दाराबाहेर कोण उभं आहे? अण्णा भाऊ दाराबाहेर होते. मायकेलसारखे गायक दाराबाहेर होते. दार आपोआप उघडलं नाही. कुणी बंदीला न जुमानता गात राहिलं, तर कुणी आत बसून विचारलं की ते बाहेर का?

म्हणजे सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर तुमचं तुम्हांलाच मिळालं, हो ना? करमणूक तर होतेच. पण चांगलं गाणं कुणाची तरी हाक घेऊन आलेलं असतं.

करून बघा

आता तुमच्यासाठी एक उद्योग. आपल्या वाढदिवसाची तारीख घ्या. त्या तारखेला कोणता गायक, वादक, संगीतकार, शाहीर जन्मला, कोणता चित्रपट लागला, कुठे मोठा कार्यक्रम झाला, ते शोधा. शाळेच्या वाचनालयात शोधा, घरात विचारा, इंटरनेटवर बघा. मात्र एकाच ठिकाणी वाचलं म्हणून खरं धरू नका. दोन ठिकाणी सारखं सापडलं तरच वहीत उतरवा. तारखांच्या बाबतीत भले भले फसतात!

आणि दुसरा उद्योग तुमच्या आई-बाबांसह करायचा. त्या पानावर एक ओळ घरच्या माणसासाठी रिकामी ठेवा. आजी जात्यावरची एखादी ओवी म्हणत असेल, आजोबांनी तरुणपणी मेळ्यात काम केलं असेल, मावशी भोंडल्याची गाणी न अडखळता म्हणत असेल. त्यांची जयंती कुणी साजरी करत नाही, टपाल खातं त्यांचं तिकीट काढत नाही. पण त्यांच्या गळ्यात जे आहे, ते तुम्ही ऐकून लिहून ठेवलं नाही तर दुसरं कोण ठेवणार? पालकांनो, मुलांनी विचारलं तर "आता कुठे आठवतंय!" म्हणून टाळू नका. थोडं गुणगुणलात की आठवेल.

आणि येत्या एक ऑगस्टला पटांगणात बसलात की मागच्या रांगेत चुळबुळ करू नका. बाईंना किंवा सरांना विचारा, या वर्षी भाषणाच्या जोडीला एखादा पोवाडा म्हटला तर चालेल का? डफ नसेल तर बाकावर ताल धरा. झीलकरी म्हणून उभं राहायला सगळा वर्ग तयार असेल, पैज लावतो!